गेरूचा ठिपका

काशीराम पेडणेकराने आयुष्यात दोनच कामं केली. आधी कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले. गिरणीचं फाटक उघडेना तेव्हा बफिंग शिकला. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर त्याची खोली होती आणि खोलीला लागून पत्र्याचा गाळा. गाळ्यात एक मोटर, तिच्या दोन टोकांना दोन बफ, चकाकी देणाऱ्या कापडी चकत्या. पितळी नळ, समया, हॉटेलची भांडी असं काहीही येई. काशीराम ते घासून आरशासारखं करून देई.

चकाकी शेवटच्या हाताला येते, असं तो म्हणे. खरं काम त्याआधीचं. जुना थर काढायचा, खड्डे उतरवायचे, मग जाड वाळूपासून बारीक वाळूपर्यंत एकेक पायरी चढायची. एक पायरी गाळली तर ओरखडा शेवटपर्यंत दिसतो. अर्धवट माल गाळ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढा एकच नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता. त्याच नियमाने त्याची वाट लावली असती.

शहाऐंशी सालच्या नवरात्रात त्याचा मेहुणा अंबादास टेम्पोतून पाच चाकं घेऊन आला. अंबादास जानकीचा धाकटा भाऊ. अंधेरीला श्यामकांत नावाच्या साहेबांकडे ड्रायव्हर होता. साहेबांनी एक जुनी परदेशी गाडी घेतली होती, लाल रंगाची. तिची चाकं लोखंडी नव्हती, अल्युमिनियमची होती. रंग पापुद्र्यासारखा सुटलेला आणि आतून पांढरी बुरशी धरलेली.

"भावोजी, पाचही अशी करा की त्यात तोंड बघून दाढी करता आली पाहिजे."

"तुझं तोंड बघायला अल्युमिनियम कशाला खराब करू?" काशीराम म्हणाला.

जानकी आतून हसली.

कामाला त्याने घाई केली नाही. पिंपातल्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चाकं बुडवली की रंग फेसाळून सुटे. जास्त वेळ ठेवलं तर धातूच खाऊन टाकी, म्हणून तो पिंपाजवळून हलत नसे. धुतल्यावर चाक काळं पडे. ते काळं उतरवून मग तो मोटरवर धरी. अल्युमिनियम मऊ. जरा दाब वाढला की तापतं, बफला चिकटतं, हातातून सुटतं. एकेका चाकाने त्याचे खांदे भरून आणले.

पाचवं चाक धुताना त्याला मागच्या बाजूला, जिथे दांडा कडेला मिळतो तिथे, केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा असेल म्हणून त्याने नख फिरवलं. नख अडकलं. मग त्याने तिथे घासलेट लावलं, थोडं मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड चोळली. चीर असली तर तिच्यात शिरलेलं घासलेट परत वर येतं. पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक ओली रेघ उमटली. बोटाच्या पेराएवढी.

ते चाक गेलं होतं. लोखंड वाकून सांगतं. हा धातू काही सांगत नाही, एकदम तुटतो.

अंबादास दसऱ्यानंतर येणार होता. चार चांगली चाकं गाडीला लागतील, हे पाचवं साहेबांना दाखवून भंगारात, असं काशीरामने ठरवलं. ओळखीसाठी त्याने चाकाच्या मधोमध गेरूचा ठिपका लावला. तिथेच थांबायला हवं होतं. पण चार चाकं चमकत उभी आणि पाचवं काळवंडलेलं, हे त्याला पाहवेना. खंडेनवमीला मोटर धुवायच्या आधी त्याने तेही बफवर धरलं आणि शेवटी ठिपका पुन्हा लावला. मऊ धातू बफखाली सरकतो, चिरेवर साय धरावी तसा पसरतो. समोरून बघणाऱ्याला आता पाचही सारखीच. एकालाच काय तो ठिपका.

दसऱ्याला सकाळी तो झेंडू आणि आपटा आणायला बाजारात गेला. बाजारात भाऊराव भेटला, गिरणीतला जुना जोडीदार. बोलण्यात वेळ गेला. परत आला तेव्हा पूजा झाली होती. मोटरला हार, बफला हळदकुंकू, उदबत्तीचा वास. आणि जिथे पाच चाकं ठेवली होती तिथे एकच.

"अंबादास येऊन गेला," जानकी म्हणाली. "साहेबांना आजच गाडी पुजायची होती. चारच नेली. पाचव्याचं टायर अजून मिळालं नाही म्हणाला."

काशीराम उरलेल्या चाकाजवळ गेला. मधोमध कुंकू होतं.

"हे कुंकू कोणी लावलं?"

"मीच लावलं. तुम्ही एकालाच लावून निघून गेला होता ना. चारांना का नाही, म्हणून मी सगळी ओल्या फडक्याने पुसली आणि पाचांनाही हळदकुंकू लावलं." तिने वाटी खाली ठेवली. "अहो, असे काय बघता?"

काशीराम तिथेच उकिडवा बसला. हातातली पानं खाली ठेवली, चाक उलटं केलं, घासलेटची बाटली आणि खडू घेतला. एवढा वेळ त्याने कधी कशाची वाट पाहिली नव्हती. पूड पांढरीच राहिली. त्याने पुन्हा केलं. पुन्हा पांढरीच.

चाक निर्दोष होतं. म्हणजे दुसरं गाडीखाली होतं.

"जानकी, त्यातलं एक चाक फुटकं होतं. तो ठिपका कुंकवाचा नव्हता."

जानकी बाहेर जाऊन चढाखाली बघून आली. "तो गाडी मढला घेऊन जाणार म्हणाला. साहेबांच्या बंगल्यात शूटिंग आहे."

काशीरामने बाटली आणि खडू पिशवीत टाकला, चाक गोणपाटात बांधलं आणि खांद्यावर घेतलं. अंधेरीपर्यंत बस, तिथून वर्सोवा, वर्सोव्याहून पलीकडे जायला होडी. होडीत चाक मांडीवर घेऊन तो बसला. समोरची कोळीण म्हणाली, "दसऱ्याचं सोनं लुटून आलास काय रे बाबा? लय जड दिसतंय." बाकीचे हसले. त्याने ऐकलं नाही. तो मढच्या किनाऱ्याकडे बघत होता. गाडी रस्त्याने मालाडवरून वळसा घालून येणार. मार्व्याचा रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला ती रेघ थोडी पुढे सरकणार. किती खड्डे ती पेलेल, हे सांगणारा जगात कोणी नव्हता.

धक्क्यावर उतरून त्याने पानवाल्याला विचारलं, "लाल गाडी आली का, परदेशी?"

"आत्ताच गेली. टायर नुसते चमकत होते."

बंगल्याच्या आवारात गाडी उभी होती. झेंडूची माळ, काचेवर स्वस्तिक. अंबादास फडक्याने टप पुसत होता.

"भावोजी? तुम्ही इथे? सोनं द्यायला इतक्या लांब?"

"जॅक काढ. एक चाक फुटकं आहे."

"काहीतरीच. अंधेरीहून लोण्यासारखी आली." त्याने फडकं झटकलं. "एक मात्र झालं. निघताना चाकांखाली चार लिंबं ठेवली, तर एक फुटलंच नाही. बाजूला सरकलं. साहेबांच्या आईंनी तोंड वाकडं केलं."

"कुठलं?"

"मागचं डावं."

काशीराम गाडीखाली निजला. लिंबावर त्याचा विश्वास नव्हता, तरी हात आधी मागच्या डाव्याकडेच गेला. घासलेट, फडकं, खडू. पूड पांढरी राहिली. मागचं उजवं, तेही पांढरं.

"भावोजी, उजेड चाललाय. सकाळी पहिलाच शॉट गाडीचा आहे. हिरो चालवतोय असं दिसणार, पण चालवणार मीच. लांबून कोण ओळखतंय? किनाऱ्याच्या रस्त्यावर ऐंशीने पळवायची आहे. आता चाकं खोलत बसलो तर साहेब माझी चामडी काढतील."

"काढू दे. निदान तू जिवंत असशील."

अंबादास हसला, पण फडकं त्याने खाली ठेवलं.

पुढचं डावं कोरडं निघालं. पुढच्या उजव्याजवळ काशीरामने पूड चोळली आणि रेघ उमटायची वाट बघावी लागली नाही. ती लगेच आली. पेराएवढी नव्हती. दांड्याच्या टोकापासून निघून कडेच्या काठापर्यंत गेली होती, वीतभर.

"बस इथे," तो गाडीखालून म्हणाला. "बघ."

अंबादासने वाकून पाहिलं. "खडूची रेघ आहे ती."

काशीरामने बाहेर येऊन पाना घेतला. जॅक लावला, नट सोडले, चाक जमिनीवर आडवं घातलं. टायर उतरवायला त्याने हवा सोडली, लोखंडी लिव्हर कडेत घातला आणि नेहमीइतकाच जोर दिला. फट् असा कोरडा आवाज झाला. टायर सुटलं नाही. तळहाताएवढा कडेचा तुकडा सुटून अंबादासच्या पायाशी पडला. समोरची बाजू अजून आरशासारखी चमकत होती. तुटलेल्या जागी धातू करडा, दाणेदार, उसाच्या चिपाडासारखा कोरडा दिसत होता.

अंबादास आवारातल्या मातीत बसला. बराच वेळ त्याने तुकड्याला हात लावला नाही.

गोणपाटातलं चाक काढून काशीरामने त्यावर टायर चढवलं, पंपाने हवा भरली, नट आवळले. प्रत्येक नटावर पाना दोनदा फिरवला. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "चूक माझी. तडा गेलेल्या चाकाला चमक द्यायलाच नको होती. चमकेने तो झाकला."

"ताईला काय सांगायचं?"

"तिला सगळं दिसेल. हे मी घरी नेतोय."

तुकडा अंबादासने उचलला आणि खिशात टाकला. पुढे कितीतरी वर्षं तो त्याच्या गाडीत, देवाच्या तसबिरीखाली असे. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, तुकडा तोच.

फुटकं चाक काशीरामने गाळ्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं, तुटकी बाजू पुढे करून. नंतरही त्याच्याकडे चाकं येत राहिली. घासलेट आणि खडू झाल्याशिवाय तो एकही मोटरवर धरीत नसे, आणि रेघ दिसली तर ते चाक काळंच परत देई. गिऱ्हाईक म्हणे, निदान वरून तरी चमकवा. काशीराम भिंतीकडे बोट दाखवी.

दर दसऱ्याला जानकी हळदकुंकवाची वाटी घेऊन गाळ्यात येई. मोटर, बफ, पिंप, पाने, सगळ्यांना बोट लावी. भिंतीजवळ आली की हात मागे घेई. तिच्या आधी काशीरामने तिथे गेरूचा ताजा ठिपका लावलेला असे.