मागच्या खोलीतली समिती

आमच्या मागच्या खोलीतल्या सरांइतका घाबरट माणूस मी सिंगापुरात दुसरा पाहिला नाही. आणि ज्या गावात रिकाम्या रस्त्यावरही माणसं हिरव्या दिव्याची वाट बघत उभी राहतात, तिथे हा मान मिळवणं सोपं नाही. क्लेमेंटीतल्या आमच्या फ्लॅटची ती खोली आम्ही जवळच्या विद्यापीठातल्या संशोधकांना भाड्याने देतो. भाडेकरूला विचारायचे माझे प्रश्न ठरलेले आहेत: स्वयंपाक करणार का, कपडे कधी धुणार, पाहुणे किती येतील. सरांनी तोंडी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं दिली आणि मग चष्मा पुसत एकच प्रश्न विचारला, "वहिनी, आग लागली तर कुठून?" मी जिना दाखवला. ते नवव्या मजल्यावरून खाली उतरले, पुन्हा चढून आले आणि धापा टाकत म्हणाले, "घेतो खोली."

सर मूळचे सांगलीचे, विषय काँक्रीट. आखातातल्या एका खासगी अरबी विद्यापीठात ते वीसेक वर्षं शिकवत होते आणि वर्षभराच्या अभ्यासरजेवर इथे आले होते, काँक्रीटला तडे का जातात ते शोधायला. "जन्मभर तडे शोधणारा माणूस निर्धास्त कसा राहील?" असं माझा नवरा म्हणायचा. सरांच्या कमरेला शर्टाच्या आत एक कापडी पिशवी असे आणि तिच्यात पासपोर्ट. जेवताना असे, झोपताना असे. अंघोळीला जाताना ते ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत नेत. मी एकदा म्हटलं, "सर, घरात कोण नेतंय तुमचा पासपोर्ट?" त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "वहिनी, तिकडे नोकरी गेली की घर जातं, मुलांची शाळा जाते, आणि पाठोपाठ देश जातो. पासपोर्ट अंगावर असलेला बरा." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पण त्या रात्री आमचे सगळ्यांचे पासपोर्ट जागेवर आहेत ना, हे मात्र पाहून घेतलं.

तिकडच्या आपल्या विद्यापीठाबद्दल बोलताना मात्र त्यांची भीती थोडी मागे सरे. ते सुरू झालं एका फर्निचरच्या दुकानावर, भाड्याच्या दोन मजल्यांत. लिफ्ट एकच, आणि तिच्यात कायम कोणाचा तरी सोफा. सर व्याख्यान द्यायचे आणि खाली सुतार पलंग ठोकायचे. ठोका पडला की सर थांबत, आणि ती सवय त्यांना एवढी लागली की आमच्याकडे मी नारळ फोडायला घेतला तरी ते वाक्य अर्धवट सोडून थांबायचे. प्रयोगशाळेला जागा नव्हती, म्हणून काँक्रीटचे ठोकळे फोडायचं यंत्र पार्किंगमध्ये ठेवलेलं. आता तिथे वाळवंटात घुमट आहे, कारंजं आहे, मुलींसाठी वेगळी इमारत आहे. पहिल्या तुकडीतली मरियम आता त्यांच्या विभागाची प्रमुख आहे. सर तिलाही घाबरत. "माझी बॉस आहे ती," ते म्हणायचे, "आणि तिच्या पहिल्या पेपरात मी एक गणित चुकीचं घातलं होतं. ती विसरलेली नाही."

पण सरांच्या सगळ्या भीतींची राणी म्हणजे समिती. तिकडच्या खासगी विद्यापीठांना ठरावीक वर्षांनी मान्यता नव्याने मिळवावी लागते. त्यासाठी बाहेरून समिती येते, फायली बघते, वाटेत भेटेल त्याला थांबवून प्रश्न विचारते. म्हणून आधी महिनाभर सराव चालतो. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून कँटीनमधल्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना विद्यापीठाचं ध्येय पाठ करायला लावतात. हा सराव सरांच्या रक्तात भिनला होता. आमच्याकडे गणपतीला पाहुणे यायचे असले की आदल्या दिवशी ते पाठीमागे हात बांधून घरभर फेरी मारत. मला ते फार आवडे. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत का, हे माझ्याखेरीज बघणारा माणूस मला प्रथमच भेटला होता. माझ्या मुलीला, ईशाला, त्यांनी विचारलं, "ह्या घराचं ध्येय काय?"

"वायफाय लाह, अंकल," ईशा इथल्या पोरांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

सर पांढरे पडले. "असं समितीपुढे म्हणालीस तर घराला सशर्त मान्यता!"

ईशा हसत सुटली. सर हसले नाहीत, आणि त्याचं कारण मला पुढे कळलं. मागच्या वेळी त्यांच्या विभागाचा सराव सरांनीच घेतला होता, आणि इतका चोख की समितीने कोणालाही काहीही विचारलं तरी तेच एक वाक्य येऊ लागलं. ग्रंथालय किती वाजता बंद होतं, असं एका मुलाला विचारलं, तर त्यानेही ध्येय म्हणून दाखवलं. समितीने लिहिलं की इथे विद्यार्थी शिकतात की पाठ करतात, हे कळायला मार्ग नाही. विभागाला सशर्त मान्यता मिळाली. आता पुन्हा समिती येणार होती, आणि ह्या वेळी ती नाही म्हणाली तर नवे प्रवेश बंद, आणि मागोमाग विभाग बंद. "माझ्यामुळे," सर म्हणायचे. "मरियमचा विभाग माझ्यामुळे जाईल." आणि मरियमने त्यांना हुकूमच पाठवला होता: सगळ्यात जुने शिक्षक म्हणून क्लेमेंटीतून पडद्यावर हजर राहायचं.

त्या दिवशी मी कामावर सुट्टी टाकली. लॅपटॉप, चार्जर, पाण्याचा पेला, सगळं मांडून दिलं, शेजारणीला ड्रिल चालवू नका म्हणून सांगून आले. सरांनी टाय लावला होता. सकाळचे पोहे तसेच पडले होते. दार त्यांनी उघडंच ठेवायला सांगितलं. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी. समितीच्या अध्यक्षांचा आवाज आला, "प्रोफेसर, तुमच्या विभागाचं ध्येय काय?"

सरांनी ते वाक्य सुरू केलं. चार शब्दांवर थांबले. कुठे काही ठोकल्याचा आवाजही नव्हता. मला वाटलं, गेलं, सगळं गेलं.

"वाक्य मला पाठ आहे," सर म्हणाले. "पण मागच्या वेळी ते सगळ्यांनाच पाठ होतं. चूक माझी होती, मुलांची नाही. मी तुम्हाला दुसरं सांगतो." आणि त्यांनी मरियमच्या वडिलांची गोष्ट सांगितली. पोरगी वर वर्गात, आणि ते खाली रस्त्यावर गाडीत, थर्मास घेऊन, संध्याकाळभर. सरांशी बोलत नसत. मग एकदा त्यांनी काच खाली केली आणि विचारलं, "आज काय फोडलं हिने?" पुढे रोज विचारू लागले. आणि शेवटच्या वर्षी एका संध्याकाळी गाडीतून उतरून पार्किंगमधल्या यंत्रापाशी आले, म्हणाले, मला बघू दे. "त्या माणसाला गाडीतून उतरवणं, हेच आमचं काम होतं," सर म्हणाले. "आणखी काय होतं, मला माहीत नाही."

"हे फायलीत आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. फायलीत नाही."

निकालाला पुढे बरेच आठवडे लागले. त्या आठवड्यांत सरांची भीती आमच्या सगळ्या घराला लागली. फोन वाजला की नवरा दचके. ईशाने वायफायचं नाव काढणं सोडलं. मी तर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, दाराजवळ उभी राहू लागले. मग एका रविवारी आम्ही सगळे ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवायला गेलो होतो. जागा धरायला सरांना टेबलाशी बसवून आम्ही रांगेत गेलो. मी ट्रे घेऊन परत आले तर टेबलावर सर नाहीत. लोक इथे जागा धरायला टिशूचं पाकीट ठेवून जातात. तसं आमच्या टेबलावर काहीतरी ठेवलेलं होतं. ती सरांची कापडी पिशवी होती.

ट्रे मी टेबलावर ठेवला. पिशवी उचलून मी छातीशी धरली आणि गर्दीत त्यांना शोधू लागले. वीस वर्षांत अंगावरून न उतरलेली वस्तू. माणसाला काय झालं असेल? तेवढ्यात सर आले, हातात सगळ्यांसाठी चहा, शर्टाचं टोक बाहेर. "मरियमचा फोन आला, वहिनी. पूर्ण मान्यता. कुठलीही अट नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, बसा ना. जागा धरलीये मी."

वर्ष संपलं आणि सर परत गेले. आता त्या खोलीत नागपूरची एक हुशार मुलगी राहते. कशालाच घाबरत नाही, गॅस चालू ठेवून फोनवर बोलत बसते. ती आली त्या दिवशी माझे ठरलेले प्रश्न विचारून झाले, आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आणि आग लागली तर कुठून, माहीत आहे का?"

"लागेल कशाला, मावशी?" ती हसत म्हणाली.

मी एकटीच उठले आणि जिना उतरायला लागले.