शिवेपलीकडचा राखणदार

बेताळ हा गोव्यातल्या आमच्या आमोणे गावाचा राखणदार, पण त्याची राखण गावच्या शिवेपर्यंत, असं मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले. सासूबाई सांगायच्या, शिवेपलीकडं दुसऱ्याचं राज्य, तिथं आपल्या देवाला उगाच त्रास देऊ नये. त्यामुळे परदेशी जायचं ठरलं तेव्हा मला विमानाची भीती वाटली नाही, परक्या माणसांचीही नाही. मनात एकच सल होता, की तिथं माझ्या पाठीशी कोण असणार? हे मी घरात कुणाला बोलून दाखवलं नाही. मला अडवायला दिरांना तेवढंच निमित्त पुरलं असतं.

जायचं कारण असं झालं. आमची शेती खाजनातली, नदीकाठच्या सखल जमिनीतली. भरतीबरोबर मांडवीला खारं पाणी चढतं, ते शेतात शिरू नये म्हणून काठानं मातीचा बांध घालतात आणि तो वर्षानुवर्षं जपावा लागतो. एका ख्रिस्ती सेवासंस्थेचे फादर, मूळचे गोव्यातल्याच साष्टीचे, हे काम बघायला आमच्याकडे आले होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोझांबिकमध्ये त्यांचं काम चालतं. तिथल्या एका गावाचा असाच बांध वादळात वाहून गेला होता आणि शेतात मीठ साचलं होतं. चिखलात उतरून शिकवील असं कुणी काही महिने येईल का, असं त्यांनी विचारलं. पुरुषमंडळी एकमेकांची तोंडं बघू लागली. कुणाची खाणीवरची नोकरी, कुणाचा ट्रक. ते बघून मला राग आला आणि त्या रागातच मी म्हटलं, "मी येते."

दीर संध्याकाळी ओसरीवर येऊन बसले. "वयनी, थंय तुका बाटयतले," म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, एवढी वर्षं खाऱ्या पाण्यात उभी राहून मी खारी झाले नाही, आता बाटते कसली?" ते उठून गेले, आणि मला पोचवायला विमानतळावर आले नाहीत. त्याचं वाईट वाटलं. तरी एकदा शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मागे घ्यायची माझी सवय नाही.

तिथं मी रोझाच्या घरी राहिले. नवरा वादळात गेलेला, पदरात तीन मुलं. तिची भाषा मला येत नव्हती, पण पाव, बालदी, खिडकीला जनेल, हे पोर्तुगीजांनी दोन्हीकडे सोडलेले शब्द तिचेही आणि माझेही निघाले, मग बाकीचं हातवाऱ्यांवर भागलं. दिवसभर आम्ही बांधावर माती पायांनी तुडवायचो. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर कमी असतो, तो मुहूर्त साधून आम्ही शेवटचं भगदाड बुजवलं. पाऊस सुरू झाला होता, शेतातलं मीठ धुऊन जात होतं, रोप थांबणार नव्हतं, म्हणून लावणीही उरकली. संस्थेनं कसंबसं मिळवलेलं सगळं बियाणं त्या शेतात गेलं. रोझानं मला खुणेनं आणि फादरांच्या तोंडून सांगितलं होतं, की या वेळी पीक हाती आलं नाही तर ती मुलांना घेऊन शहरात जाईल. शहरात तिचं कोणी नव्हतं. ती हे न रडता सांगत होती, म्हणून मला जास्त लागलं.

आणि नेमकं तेव्हाच शेताच्या कडेचं पाणी जिभेला लावून बघितलं तर खारट. बांध कुठंतरी गळत होता. कुर्ल्या-खेकडे बिळं करतात, जुनी मुळं कुजून पोकळी राहते, हे सगळं मला ठाऊक होतं. पण बांध केवढा लांब, आणि आतल्या बाजूला सगळी लव्हाळी माजलेली. आम्ही वाकून वाकून शोधलं, हातांनी चाचपलं, काठ्या खुपसल्या. गळती सापडेना. अमावास्येचं उधाण समोर होतं. त्या भरतीला एवढंसं बीळही बैल जाईल एवढं होतं, आणि मग बांध राहत नाही.

चतुर्दशीला सकाळी मी हरले. हात हरले नव्हते, अक्कल हरली होती. आमच्याकडे बांध पुरा झाला की राखणदाराच्या नावानं नदीत नारळ सोडतात. शीव ओलांडून आलेली मी, तो इतके दिवस सोडला नव्हता. आता रोझाकडून एक नारळ मागून घेतला. फादर तिथंच होते. मी म्हटलं, "फादर, हे आमचं आहे. तुम्हांला राग येणार नाही ना?" ते म्हणाले, "बाय, म्हाका किद्याक राग येतलो? घाल तूं." मी हात जोडून बेताळाला सांगितलं, की देवा, ही तुझी जागा नाही ते मला कळतं, पण ही माणसं चांगली आहेत आणि मला पुढचं काही सुचत नाही. एवढंच सांगून नारळ पाण्यात सोडला.

भरती चढत होती. नारळ थोडा पुढं गेला, मग वळला. बांधाकडं येऊ लागला. काठाला लागला आणि तिथंच गोल फिरत राहिला, हलेना. नदीनं नारळ परत केला तर देवानं तो घेतला नाही, असं आमच्यात मानतात. मी बांधावरच बसले. सासूबाई बरोबर होत्या, असं मनात आलं. शिवेबाहेर देवाला त्रास दिला आणि त्यानं तोंड फिरवलं.

तेवढ्यात बांधावरनं एक बाई चालली होती. पाठीला लहान मूल बांधलेलं, डोक्यावर टोपली, बहुधा पलीकडच्या गावातून बाजाराला निघालेली. तिनं नारळ बघितला, माझं तोंड बघितलं. माझ्या हातातून पडला असं तिला वाटलं असणार. टोपली खाली ठेवून ती पाण्याच्या बाजूला उतरली, नारळ उचलायला वाकली, आणि तिचा पाय बांधात गुडघ्यापर्यंत आत गेला. मूल घाबरून रडायला लागलं. मी धावत जाऊन तिला दंडाला धरून वर ओढलं, आणि जिथून पाय निघाला तिथं पाणी आत ओढलं जात होतं. इतके दिवस शोधत होतो ते बीळ तेच. नारळ त्याच ओढीनं तिथं येऊन अडकला होता.

मी ओरडले, कोणत्या भाषेत ते आठवत नाही. सगळं गाव धावलं. फादरांनी पँट वर दुमडली आणि कुणाला न विचारता चिखलात उतरले. ओहोटी लागताच आम्ही ती जागा पार खणून काढली. आत हात खांद्यापर्यंत जाईल एवढी पोकळी होती. चिकण माती, पेंढा, पुन्हा माती, आणि वर पायांनी तुडवणं. रोझा माझ्या शेजारी उभी राहून तुडवत होती. माझे गुडघे बोलत होते, पण आता देव समोर आला तरी हातातलं काम टाकून हटायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

त्या गडबडीत ती बाई निघून गेली. जाताना नारळ माझ्या हातात ठेवून गेली. मी तिचे आभारही मानले नाहीत, याची हळहळ अजून आहे. पुढं कितीतरी बाजारांच्या दिवशी मी तिची वाट बघितली, रोझानं चौकशी केली. ती कुणाच्या ओळखीची निघाली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. बाजाराला निघालेली एक बाई होती आणि तिला माझी दया आली, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

अमावास्येला दुपारी उधाण आलं. पाणी बांधाच्या माथ्याशी आलं आणि गाव सगळं बांधावर उभं होतं. कुणी प्रार्थना पुटपुटत होतं, मी बेताळाचं नाव घेत होते. पाणी तसंच उभं राहिलं, मग उतरायला लागलं. शेतातलं पाणी मी पुन्हा जिभेला लावून बघितलं, रोझानंही बघितलं. गोडं होतं. ती तिथंच चिखलात बसून रडली. नारळ फोडून मी सगळ्यांना खोबरं वाटलं. त्यांनी छातीवर क्रूस काढून खाल्लं. पीक निघालं तेव्हा मी तिथंच होते. रोझा शहरात गेली नाही.

मी हट्टी आहे आणि हट्टानंच तिथं गेले. पण हट्ट जिथं संपला तिथून पुढचं काम माझं नव्हतं, एवढं मला उमगलं. आपण राबायचं ते राबावं, आणि हात टेकले की ते जोडावेत. देवाची शीव कुठं संपते हे माणसानं ठरवू नये.

घरी आल्यावर मी बेताळाच्या देवळात गेले. गावातर्फे देवापुढं गाऱ्हाणं घालणारे, म्हणजे मागणं मांडणारे घाडीकाका उभे होते, मागे चारपाच माणसं, त्यांत दीरही. काकांनी विचारलं, "कोणाच्या नावान घालूं?" मी रोझाचं आणि तिच्या गावाचं नाव सांगितलं. ते नाव काकांच्या जिभेवर बसेना, दोनदा विचारून घेतलं. मग त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली, "बा देवा महाराजा, दर्यापलीकडं या लेकीन जो बांध घातलो, त्येची राखण कर, थंयच्या पोराबाळांक सुखी ठेव."

"व्हय महाराजा," मागची माणसं म्हणाली. त्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझ्या दिरांचा होता.