कृष्णेत सोडलेला पांढरा नारळ

माझ्या टोपीवर झालेल्या अन्यायाची दाद कुणाकडे मागायची, हे अजून ठरलेलं नाही. साताऱ्याला मोटारीत चढलो तेव्हा ती परटाघरची, कडक इस्त्रीची होती. कऱ्हाड यायच्या आत तिचं तव्याचं बूड झालं. लढाईमुळे पेट्रोल चिठ्ठीवर, म्हणून हल्ली मोटारी कोळशाच्या वाफाऱ्यावर चालतात. मागे उभा बंब असतो, क्लीनर त्यात पोत्यातला कोळसा ओततो, आणि तयार झालेला धूर आधी उतारूंना मिळतो, उरला तर इंजिनाला. तुम्हाला जायचंच असेल तर पुढची जागा धरा आणि काळी टोपी घाला.

मी निघालो होतो भाचीच्या लग्नाची हळद आणायला. साताऱ्यात हळद मिळते, पण सांगलीची नसली तर लग्न लागत नाही, असं माझ्या बहिणीचं मत आहे. कऱ्हाडला मिसळ खाल्ली. झणझणीत होती, पण पाव मात्र लढाईवर गेलेला दिसला. दुपारी मोटारीनं मोठा रस्ता सोडला आणि ती कृष्णेकाठच्या एका खेड्याशी थांबली. इथून उतारू नावेनं पलीकडे जातात, तिथं दुसरी मोटार उभी असते. तिच्यासाठीची कोळशाची पोती आमच्याच टपावर होती. कोळसा असेल तर ती हलणार.

नाव तानूबाईची. पन्नाशीची भोईण, कासोटा खोचलेला, हातात बांबू. आम्हाला चढू दिलं. पोती दिसताच बांबू आडवा धरला.

"माणसं नेतू. बकरं नेतू. कोळसा न्हाई."

कोळशाच्या ठेकेदाराचा मुकादम पोत्यांसोबत आला होता. तो ओरडला, "आगं, कालपतूर नेत हुतीस की!"

"कालपतूर पानी निवळंल आशी आशा हुती. पौष लागला, पानी बघ."

मी पाहिलं. वर ऊन चमकत होतं. मला पाणी चांगलं दिसलं आणि मी तसं बोललो. प्रवासात न विचारता मत द्यायची मला खोड आहे.

"आवं पाव्हणं, चांगलं हाय म्हन्ता? मग नारळ सोडू?"

नावेच्या टोकाला दोरीला बांधलेला, चुना फासलेला नारळ होता, खाली दगड. दोरीला पुरुषभर उंचीवर गाठ. इथल्या भोयांची रीत अशी, की पावसाळ्यानंतर गाठ पाण्याला टेकेपर्यंत नारळ सोडायचा. खाली पांढरं दिसलं तर डोहात जाळं पडणार. तोवर सगळ्या घरांची जाळी वळचणीला. तुळशीचं लग्न झालं की दरवर्षी नारळ दिसायचा.

"दिसेल," मी म्हणालो. "न दिसला तर नवा नारळ माझा."

नारळ पाण्यात गेला. हात कोपरापर्यंत बुडेल एवढा खोल गेला आणि नाहीसा झाला. दोरी मात्र जातच राहिली, गाठ येईपर्यंत.

"हाय का चांगलं?" तानूबाईनं दोरी ओढून घेतली. "कोळशापायी वर डोंगूर भाजला ह्यांनी. दोन पावसाळं माती हितं उतरती. तळाला बसती, जरा काय हाललं का पुन्ना वर. खाली ऊनच जात न्हाई, तर शेवाळ कुटनं यील? शेवाळावरचा मोटा मासा गेला. ऱ्हायला चिखलातला शिंगाळा. त्यो बघा खंड्या."

काठावरच्या खुंटावर निळा खंड्या पाण्याकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. मग सूर न मारताच मळ्यातल्या विहिरीकडे उडून गेला.

मुकादम आता गोड झाला. "बाई, गाठ खाली घे, नारळापास्नं वीतभर. रीतबी ऱ्हाईल, जाळंबी पडंल. पलटनीच्या छावनीला मासा लागतो, सगळा मी घेतो."

"गाठ माज्या सासऱ्यानं मारल्याली हाय. ती खाली घेतली तर पानी निवळंल व्हय रं?"

"मंग उपाशी मर!"

"मरतू. पर तुजा कोळसा वाहून न्हाई मरत."

आता युक्ती निघाली. कंडक्टर हळूच म्हणाला, "मंडळी, उतारूचं सामान ती अडवत नाही. एकेकानं एकेक पोतं आपलं म्हणायचं. पलीकडे लगेच मोटार सुटेल." आणि टोपीवाला म्हणून पहिलं पोतं माझ्या पायांशी आलं.

तानूबाईनं विचारलं, "पाव्हणं, तुमचं हाय?"

खरं सांगतो, सांगली दूर होती, ऊन कलत होतं, मिसळ पोटात बोलत होती. पण त्या बाईची सगळी जाळी वळचणीला टांगलेली असताना मी त्या काळ्या पोत्याला माझं म्हणायचं? माझी तर टोपीच पुरेशी काळी होती.

"माझं नाही," मी म्हणालो.

शेजारी पलटणीतून सुटीवर आलेला एक जवान होता. त्यानं आपल्या पुढ्यातलं पोतं बुटानं सरकवलं. "अपना नहीं. माजी ट्रंक हाय फकस्त."

मग एक कांबळं पांघरलेला धनगर म्हणाला, "माजं कसलं? माजी दोन करडं हायती." पोती एकेक करून काठावर परत गेली. मुकादम प्रत्येकाला शिव्या देत होता, आणि शिव्या मोजक्याच येत असल्यामुळे मला मिळालेलीच धनगरालाही मिळाली.

पलीकडची मोटार अर्थातच हलली नाही. आम्ही उसाच्या गाडीतून, उसावरच बसून, अंधार पडता सांगलीत शिरलो. तुमच्यावर ती वेळ आली तर खाली घोंगडं घ्या. हळद उत्तम मिळाली, गुळाची भेलीही घेतली, खाणावळीत भाकरी-आमटीनं जीव निवला. पेठेच्या घाटावर उतरून मी हात पाण्यात घातला. पाणी कोपराशी आलं तशी बोटं दिसेनात. परतताना आगगाडी धरली.

घरी विचारलं, काय पाहिलंस? मी म्हणालो, एक नारळ पाहिला नाही. बहिणीला वाटलं, ऊन लागलं. टोपी दोनदा परटाकडे गेली, राखी रंगाचीच परत आली. तशीच घालतो. तानूबाईनं यंदा जाळं टाकलं का, कोळशाची पोती आजही काठावरच आहेत का, ते मला ठाऊक नाही. पुन्हा कुणी पोतं पुढ्यात ठेवलं तर काय म्हणायचं, ते ठाऊक आहे.

शनिवारी बाजारात गेलो. दुकानदारानं चांगला थोरला नारळ पुढे केला. थोरला पाणी न निवळताही अंमळ खोलवर दिसला असता. मी तो बाजूला ठेवून तिच्या नारळाएवढाच निवडला, घरी दोन हात चुना दिला, वाळवला, आणि त्या बाजूला जाणाऱ्या गाडीवानाकडे दिला.

"कुनी दिला म्हनून सांगू?" त्यानं विचारलं.

"नावेवर ठेव फक्त," मी म्हणालो.