नंदीची तोड मंगळवारी

चार जुने सहकारी एकत्र बसले की कामाचं कुणीच बोलत नाही, कामात झालेल्या फजितीचंच बोलतात. माझ्याकडच्या सगळ्या फजित्या एकाच खोलीतल्या: परभणी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याची एसी कॉम्प्युटर रूम, साल नव्वदच्या आसपास. कारखान्याचं नाव सांगत नाही, मला अजून त्या बाजूला जावं लागतं!

मी मानवतचा. कॉम्प्युटरचा कोर्स करून नुकताच लागलो होतो, तोही हंगामापुरता. एमडी साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सगळ्यांच्या उसाची नोंद कॉम्प्युटरवर चढलीय. आता कुणाच्या तोडीची पाळी कधी, हे वजनकाट्यावरून त्याला विचारता आलं पाहिजे. तसलं सॉफ्टवेअर घेऊन तीन कंपन्या येतायत. एक निवड. बरोबर निघाली तर तू पर्मनंट, चुकली तर मानवतची एसटी!"

* * *

पहिली कंपनी पुण्याची. आमच्या खोलीत चपला-बूट बाहेर काढूनच यायचं, हा नियम. टायवाले साहेब फाटक्या मोज्यांत उभे राहून म्हणाले, "आमच्या सॉफ्टवेअरला काहीही विचारा!"

वजनकाट्यावरच्या यादवराव क्लार्कनी विचारलं, "सोनपेठच्या माझ्या मेव्हण्याची पाळी कधी?"

प्रिंटर करकरायला लागला तो थांबेचना. सगळ्या तालुक्याची यादी! कागद दाराबाहेर बुटांपर्यंत गेला.

"यात आहे बघा तुमचा मेव्हणा," साहेब म्हणाले.

"तालुका कशाला दाखवायलाव? मी एका मेव्हण्याचं इचारलो!"

* * *

दुसरी कंपनी हैदराबादची. काय ती चपळाई! मेव्हण्याचं उत्तर एका ओळीत. हजार प्रश्न विचारा म्हणे, हजार उत्तरं मिळतील. मी तर भाळलोच.

"थांब जरा," यादवराव म्हणाले. "जे न्हाईच, ते इचारून बघ."

काट्यासमोर महादेवाचं मंदिर होतं. यादवरावांनी तिथल्या दगडी नंदीचं नाव घालायला लावलं. स्क्रीनवर लगेच उत्तर: तोड मंगळवारी. वर ऊसतोड टोळीचा नंबरही!

यादवरावांनी मंदिराकडं हात जोडले. "देवा, पाळी लागली तुमची. धाडू का टोळी?"

* * *

तिसरी कंपनी म्हणजे नांदेडचे दोघे भाऊ, एसटीनं आलेले. त्यांच्या सॉफ्टवेअरला फक्त सात प्रश्न कळायचे. कसं विचारायचं आणि काय मिळेल, ते एका कागदावर लिहून आणलेलं.

"सातच?" मी हसलो.

"सातच, पण सात खरे," थोरला म्हणाला.

मेव्हणा विचारला, एक ओळ आली. नंदी विचारला, तर उत्तर: नोंद नाही.

यादवराव उठले आणि दोघांना चहा सांगून आले. मी यांनाच निवडलं. एमडी साहेब म्हणाले, "हजार सोडून सात घेतलेस? एसटीचं टाइमटेबल बघून ठेव!" खरं सांगतो, तो आठवडाभर मला जेवण गेलं नाही.

* * *

हंगाम सुरू झाला. शेतकऱ्यानं आमच्या खोलीच्या काचेतल्या फटीतून चिठ्ठी आत सरकवायची: गाव, नोंद नंबर, प्रश्न कितवा. उत्तर त्याच फटीतून बाहेर. एकानं चिठ्ठीबरोबर पेढे सरकवले. चिठ्ठीत पेढ्यांचा रकाना नव्हता. उत्तर दिलं ते पाळीप्रमाणंच, पेढे यादवरावांनी संपवले.

* * *

आणि एक दिवस चेअरमन साहेब आले. बूट काढून थेट आत, मागं एमडी साहेब.

"माझा ऊस उद्याच तोडायचाय. घाल कॉम्प्युटरमधी."

मी सात प्रश्नांचा कागद पुढं केला. "साहेब, त्या सात प्रश्नांत हे बसत नाही."

"मी कोण हाय ते सांग की त्याला!"

दारातून यादवराव म्हणाले, "साहेब, त्यानं नंदीलाबी वळख दिली न्हाई."

चेअरमन साहेबांनी चिठ्ठी घेतली, रीतसर भरली. प्रश्न तिसरा: माझी पाळी कधी? एक ओळ बाहेर आली. तीन आठवड्यांनंतरची तारीख!

त्यांनी ती दोनदा वाचली. मग माझ्याकडं पाहिलं. मी मनानं मानवतला पोचलोसुद्धा होतो.

बाहेर जाऊन त्यांनी बूट घातले, नाड्या बांधल्या आणि एमडी साहेबांना म्हणाले, "या पोराला आजच पर्मनंट करा. चेअरमनलाबी रांगेत उभं करतंय; मोकळं सुटलं तर निवडणुकीत इरोधी पॅनलवाले उचलून नेतील!"