चाळीस चेंडू आणि तलावाची पाळ

गेली तीन वर्षे आमच्या गोल्फ क्लबच्या महिला स्पर्धेत मी हिरवळीच्या कडेपर्यंत सर्वांच्या पुढे असते आणि तिथून वीस पावलांवरच्या छिद्रात चेंडू जाईतो सर्वांच्या मागे. कडेवरून चेंडू अलगद उचलून टाकायचा तो आखूड फटका, म्हणजे चिप, माझ्या हातून बिघडतो. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. कारणाशिवाय काही बिघडते यावर माझा विश्वास नाही. क्लबातल्या ज्या ज्या पुरुषाने ‘मान वर करू नका’ एवढाच उपदेश केला, त्याच्याविषयीचे माझे मत येथे लिहिण्याजोगे नाही. रविवारी अंतिम सामना होता. म्हणून बुधवारी, उपदेश ऐकू येणार नाही इतक्या दूर सराव करायला मी नागपूरहून निघाले.

भंडारा, तुमसर, तिरोडा आणि तिथून चोरखमाऱ्याच्या दिशेने: गाडीने तीन तास धरावेत. पेट्रोल तिरोड्यातच भरून घ्यावे. तुमसरनंतरच्या गतिरोधकांवर पांढरे पट्टे मारणे कोणालाही आवश्यक वाटलेले नाही. ते कमरेला कळतात.

जंगलालगतच्या ज्या निवासाने ‘तलावाकाठी गोल्फ’ अशी जाहिरात केली होती, तिथे रात्रीचे साडेतीन हजार, जेवणासह. गोल्फ म्हणजे सिमेंटवर चिकटवलेली हिरवी प्लास्टिकची चटई, तीन भोके आणि एक प्लास्टिकचा गेंडा.

“गोल्फच आहे ना मॅडम,” व्यवस्थापक म्हणाला. “बच्चे लोग तर इथून हटतच नाहीत. बॉल गेंड्याच्या तोंडातून जातो.”

“जाहिरातीत गेंडा नव्हता.”

“ते सरप्राइज आहे मॅडम.”

एक मात्र कबूल करते: रात्रीचा चिन्नोर तांदळाचा भात आणि तलावातल्या माशांचे कालवण यांत काढण्यासारखी एकही चूक नव्हती.

गुरुवारी दुपारी मी स्वतःच जागा शोधली. जवळच्या गावतलावाची पाळ रुंद होती, तिच्यावर गुरांनी चरून खुरटी ठेवलेली दाट दूर्वा होती, आणि खाली धान कापलेले मोकळे शेत. शेतात लाल टॉवेल पसरला. प्रत्येक चेंडूखाली रांगोळीची एक आडवी रेघ ओढली, हातांकडे रोखून मोबाइल उभा केला आणि शिस्तीने चाळीस चेंडू मारले. मी नेहमी चाळीसच मारते. टॉवेलवर दोन पडले. मधूनच म्हशींचा कळप सगळे तुडवत निघून गेला, त्याचाही राग आला.

“पार कायले खोदून राहिल्या, बाई?”

मागे खांद्यावर फावडे घेतलेला एक वृद्ध गृहस्थ उभा होता. पाळीला इकडे पार म्हणतात, दूर्वेला दुबी. दसारामजी त्यांचे नाव; हा तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला, हे त्यांनी नंतर सांगितले.

“मी खोदत नाही. सराव करते आहे.”

“मंग हे का उंदरानं केलं जी?”

मी खाली पाहिले. पाळभर ओरखडे होते, दूर्वा मुळासकट उखडलेली. क्लबात असा एक खड्डा न बुजवता पुढे जाणाऱ्याला मी सर्वांसमक्ष परत बोलावते.

“दुबीनं माती धरून ठेवली, बाई. बोटभर भोकातून पानी वाट काढते. तुमी तर चार-चार बोटं घातली.”

मी गवताचा एक तुकडा जागेवर ठेवून बुटाने दाबला. त्यांनी तो फावड्याच्या टोकाने उडवला.

“हे झाकलं. बुजवलं नाई.”

माझे काम पुन्हा करायला कोणी लावल्याचे मला आठवत नाही. संताप आला, पण त्यांचे म्हणणे बरोबर असल्यामुळे तो काढावा कोणावर, हे कळेना. खड्ड्याचा तळ मोकळा करायचा, काठावरची ओली चिकण माती भरायची, लाकडाने ठोकायची, वर दूर्वा बसवायची, पाणी शिंपडायचे. पहिले तीन त्यांनी मला पुन्हा करायला लावले.

सातव्या खड्ड्याशी गुडघ्यांवर बसले असताना मला दिसले. रांगोळीची रेघ शाबूत होती आणि खड्डा तिच्या चार बोटे मागे सुरू होत होता. आठवा तसाच. नववाही. चेंडूआधी माती. वजन मागच्या पायावर राहिल्याशिवाय हे होत नाही. तीन वर्षे मी हातांचे चित्रण तपासत होते आणि पुरावा जमिनीत पडून होता.

“झालं का पाहून?” दसारामजी म्हणाले. “लय बाकी हायेत.”

मी मोजत बुजवले. एकोणचाळीस भरले. चाळिसावा आम्ही दोघांनी शोधला. म्हशींच्या खुरांत काही ओळखू येईना.

शुक्रवारी त्यांनीच मला आपल्या बांधीत, म्हणजे धान कापलेल्या शेतात, उभे केले. “बांधीत मारा. तिले तसाबी नांगर लागनार हाये.” वजन डाव्या पायावर ठेवून मारले. टॉवेलवर एकोणीस.

रविवारी शेवटच्या छिद्राजवळची चिप जशी हवी तशी बसली. त्यानंतर छिद्र दोन हातांवर असताना मारलेला फटका मी चुकवला आणि सामना हरले. त्याचे कारण मला माहीत आहे. गेंड्याविषयीची तक्रार त्या निवासाला लेखी पाठवली आहे.

स्वस्थ बसू देत नाही ती वेगळीच गोष्ट. एक तर गुरुवारी चाळिसांतला एक फटका माती न उकरता निघाला होता, किंवा त्या पाळीत चार बोटांचा एक खड्डा अजून उघडा आहे. पाऊस लागण्याआधी मी ती पाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघ्यांवर तपासणार आहे. खड्डा सापडला नाही, तरच तो फटका मी माझा म्हणेन.