काट्याच्या भोपळ्यांना पाणी

आलापल्लीत पावसाळ्यात छपराच्या कवेलूंवर शेवाळ चढतं, आणि मी तिथे वाळवंटातली झाडं वाढवते. पिवळ्या काट्यांचे गोल निवडुंग, बियांपासून वाढवलेले. हौशी लोक लांबून मागवतात. आई त्यांना काट्याचे भोपळे म्हणायची. "ना भाजी ना फूल, आन् तू याहीच्या मांगं येडी होऊन राह्यली," हा तिचा रोजचा आहेर.

मग आईच्या किडन्या गेल्या. गडचिरोलीला डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, पाणी मोजूनच द्या, जास्त झालं तर छातीत भरेल. दिवसभराचं पाणी मी सकाळी एका तांब्यात काढून छपरीत, कुंड्यांना लागून असलेल्या तिच्या खाटेजवळ ठेवायचे. आमच्याकडे उन्हाळ्यात दारात आलेल्या परक्यालाही आधी पाणी विचारतात, आणि मी जन्मदातीला मापाने देत होते. मला तिचा राग यायचा, डॉक्टरांचा यायचा, सगळ्यात जास्त त्या तांब्याचा यायचा.

मे महिन्यात तांब्या दुपारच्या आतच रिकामा व्हायला लागला. पुन्हा मागितलं की मी नाही म्हणायचे. "एवढं एकदम ढोसलंस? मरायचंय का?" म्हणून एकदा चांगलीच झापली. ती कूस बदलून पडून राहिली.

गोल निवडुंग कडक उन्हाळ्यात झोपतो. तेव्हा त्याला पाणी म्हणजे विष. मूळ आतल्या आत कुजतं आणि वरून हिरवागार दिसतो. छपरीतला सगळ्यात जुना निवडुंग सरकवायला गेले, तर तो कुंडीतच खचला. आत आंबूस वासाचा चिखल. शेजारचा तसाच, त्याच्या पलीकडचाही. खाटेवरून हात पोचेल तेवढे सगळे गेले होते.

मी आईकडे पाहिलं.

"काऊन पाहून राह्यली?" ती म्हणाली. "माह्यं पानी डॉक्टरनं तोडलं. याहीचं कोनं तोडलं? मी घोटभर पेलो, बाकी याहीले देल्लं. तहान काय असते, मले माहीत हाय."

ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं. तिच्याच पाण्याने ते मेले, हे सांगायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, "बरं केलंस, आई. आता जगतील." कुजलेले मागच्या नाल्यात टाकले आणि त्या जागी दुसरे आणून ठेवले. ती खूश झाली. रोज विचारायची, "पेले का वो ते?" मी हो म्हणायचे.

मिरग लागायच्या आधीच ती गेली. जीव जाताना रीतीप्रमाणे घरचे, शेजारचे एकेक चमचा पाणी तिच्या तोंडात घालत होते. कुणी मोजत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी चमचा बाजूला ठेवला आणि पेलाच तिच्या ओठांना लावला. पी म्हटलं, आई, पाहिजे तेवढं पी.

पाणी गालावरून उशीत गेलं. एक घोटही आत उतरला नाही.