केरातलं अंजीर

सलोमिना बोईसच्या अंगणात झाडूच्या रेषा दिसल्या की आमच्या गल्लीला कळायचं, उजाडलं. वाळवंटी मुलखातल्या कीटमान्सहूप गावच्या आमच्या वस्तीत अंगण झाडणं हे तोंड धुण्याआधीचं काम. अंगणात पान दिसता कामा नये, काडी दिसता कामा नये. जमीन उघडी असली की साप लांबून दिसतो, विंचू लांबून दिसतो, आणि घरातली बाई कशी आहे तेही रस्त्यावरून दिसतं. ऊन वर आलं तरी ज्या घरचं अंगण झाडलेलं नाही, तिथे कोणीतरी अंथरुणाला खिळलंय किंवा गेलंय असं समजायचं.

सलोमिना या कामात कोणाला हार जाणारी नव्हती. एकतीस वर्षं तिनं शाळेच्या वसतिगृहात दोनशे पोरांचा स्वयंपाक केला, तरी कामावर जाण्याआधी अंगण कुंपणापासून कुंपणापर्यंत झाडून काढलं नाही असा दिवस नाही. केर टोपलीत भरायचा, घरामागे नेऊन मागच्या भिंतीशी ओतायचा आणि मागे वळूनही बघायचं नाही. दारासमोर तिनं हिरवळीचा एक तुकडा आणि चार गुलाब जपले होते. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या बंगल्यापुढे तसं होतं म्हणून आपल्याकडेही हवं. रेक्टरबाईंकडे पाण्याची रबरी नळी होती, सलोमिनाकडे बादली. पण हट्टाला पेटलेल्या बाईला कोण सांगणार?

त्या अंगणातलं खरं मोलाचं होतं ते मधोमध उभं असलेलं अंजिराचं झाड. तिचा नवरा विलेम रेल्वेत होता. मुलगी ॲना जन्मली त्या आठवड्यात त्यानं बेथनीच्या मिशनच्या आवारातून एक फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली आणि लावली. म्हणाला, "या घरातल्या पोरीला मागणी घालायला येतील ना, त्यांना याच्या सावलीत बसवायचं." ॲनाची मागणी काही झाली नाही. ती राजधानीत विंडहुकला कामाला गेली आणि चार वर्षांची लुक्रेशिया मागे ठेवून तिकडेच वारली. विलेमलाही जाऊन अकरा वर्षं झाली होती. म्हणजे त्याच्या बोलण्यातलं उरलं होतं ते झाड, आणि ती नात.

आता लुक्रेशिया तेवीस वर्षांची झाली, आणि बर्सेबाहून निरोप आला की मुलाकडची माणसं डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मागणी घालायला येतील. तो निरोप आला तो मार्च महिना होता, आणि झाड मरायला टेकलं होतं.

दोन वर्षं धड पाऊस नव्हता. नळाला पाणी सकाळी दोन तास. सलोमिना रोज तीन बादल्या झाडाच्या बुंध्याशी ओतायची. ओतलेलं पाणी फरशीवर ओतल्यासारखं पसरायचं, अंगण ओलांडायचं आणि फाटकाखालून रस्त्यावर जायचं. पानं पिवळी पडून गळत होती, फळं बोराएवढी होऊन गळत होती. ती हे सगळं दुसऱ्या दिवशी पहाटे झाडून टाकायची. बुंध्याभोवती मुळं उघडी पडली होती. "म्हातारं झालंय, ओमा," लुक्रेशिया आजीला म्हणाली. "आपण मागणीला मांडव घालू." सलोमिनानं तिच्याकडे असं पाहिलं की पोरीनं मांडवाचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग एका सकाळी केराची टोपली मागे रिकामी करताना तिची नजर ढिगावर थांबली. भिंतीच्या आडोशाला, कित्येक वर्षांच्या पाचोळ्यातून अंजिराचं एक रोप वर आलं होतं. गुडघ्याएवढं, पानं तळहातापेक्षा मोठी, रंग असा हिरवागार की तिला आधी खरंच वाटेना. कधीतरी छाटलेली फांदी केरात आली असणार, तिनंच ओतलेली. त्या जागी कोणी पेलाभर पाणी घातलं नव्हतं. ती खाली बसली आणि पाचोळ्यात हात घातला. वर कोरडी पानं, त्याखाली कुजकी पानं, आणि त्याखाली काळी, गार, ओलसर माती. कोपरापर्यंत हात आत गेला.

तिला ओरडून रडावंसं वाटलं. झाड दर हिवाळ्यात स्वतःसाठी पांघरूण खाली टाकत होतं, आणि ती रोज पहाटे उठून ते ओढून नेत होती. पानांबरोबर वरची मातीही नेत होती, म्हणून मुळं उघडी आणि जमीन सिमेंटसारखी. आणि हे सगळं गल्लीत नाव व्हावं म्हणून!

दुसऱ्या दिवशी सलोमिनानं अंगण झाडलं नाही.

आठ वाजता समोरची बेका फाटकाशी आली. डोक्याला काळा रुमाल, हातात चहाची किटली, मागे गल्लीतल्या आणखी दोघी.

"मिना! अगं मिना! आहेस ना?"

"आहे. का गं?" सलोमिना झाडामागून उठली. हातात कुदळ, कपाळावर माती.

"आहे म्हणते! अंगण तसंच पडलेलं बघून मला वाटलं, गेलीस तू. हा रुमाल इस्त्री करून आले मी तुझ्यासाठी!"

"मग जपून ठेव, कधीतरी लागेलच. चहा आणलाच आहेस तर ओत."

बेकानं चहा ओतला, पण गप्प बसली तर ती बेका कसली? "पाहुणे येणार, आणि तू उकिरडा मांडून बसणार. त्या मुलाची आत्या डोरोथेया ठाऊक आहे ना? ती दुधातसुद्धा खडा शोधते."

"शोधू दे. तोवर माझं झाड जगलं पाहिजे."

एकोणसत्तर वर्षांच्या त्या बाईनं नंतरच्या आठ महिन्यांत जे केलं, ते आमच्यातल्या तरण्याताठ्या पुरुषांनी केलं नसतं. आधी तिनं हिरवळ उपटली. आपल्या हातानं, एका दिवसात, आणि उपटताना तोंडानं रेक्टरबाईंना आणि स्वतःला सारख्याच शिव्या. तीन गुलाब बेकाला देऊन टाकले. ("घे, आता तू पाज यांना तुझ्या घशातलं पाणी.") एक ठेवला, कारण तेवढा मोह सुटेना. मग जमिनीचा उतार फिरवला. पूर्वी अंगण झाडाकडून रस्त्याकडे उतरत होतं, ते तिनं कुदळीनं आणि फावड्यानं रस्त्याकडून झाडाकडे उतरतं केलं. रोज पहाटे ऊन चढेपर्यंत तासभर, त्याहून जास्त नाही, कारण गुडघे ऐकत नसत. झाडाभोवती घोंगडीएवढं रुंद आळं केलं, काठाला दगडांचं कडं मांडलं. छपराच्या पन्हाळीखाली एक चर खणून तो आळ्यात सोडला. पाऊस नव्हता, पण तिनं चर खणला. लुक्रेशिया हसली तेव्हा म्हणाली, "येईल तेव्हा त्याला वाट माहीत असायला नको?"

मग मागच्या ढिगातून टोपल्या भरभरून केर तिनं पुढे आणला. जो केर चाळीस वर्षं मागे नेला तोच आता पुढे. आळ्यात वीतभर जाड पसरला. ते कोवळं रोप मात्र तिनं होतं तिथेच राहू दिलं, त्याच्याभोवतीचा केर हलवला नाही. भांडी धुतलेलं पाणी रोज नाही, दोन दिवसांआड, आणि आळ्याच्या काठाशी, कारण मुळांची तोंडं तिथे असतात हे तिला खणताना दिसलं होतं. फाटकापासून दारापर्यंत दोन हात रुंद पट्टा मात्र तिनं उघडा ठेवला आणि तो रोज झाडला. साप त्यावर दिसायला हवा ना. आणि त्या पट्ट्याचा केर जायचा आळ्यात.

गल्लीनं नाकं मुरडली. चर्चमधून येताना बायका तिच्या कुंपणाशी पावलं मंद करायच्या. सलोमिनाला ते लागत नव्हतं असं नाही. ज्या बाईचं अंगण दाखवायला लोक आपल्या सुनांना आणायचे, तिच्या अंगणाकडे बघून आता त्याच सुना हसत होत्या. रात्री तिनं विलेमच्या फोटोकडे पाठ करून झोपायला सुरुवात केली, कारण हिवाळा सरला, ऑगस्ट संपला तरी झाडावर एक डोळाही फुटला नव्हता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फुटला. एका फांदीच्या टोकाला, उंदराच्या कानाएवढं पान. ते तिनं बोटानं चाचपून पाहिलं आणि लुक्रेशियाला हाक मारली.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी बर्सेबाची सहा माणसं काळ्या कपड्यांत फाटकाशी येऊन उभी राहिली. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा; दगड तापलेले, कुत्रीही सावलीसाठी भिंतीला चिकटलेली. रीतीप्रमाणे त्यांना बाहेरच ताटकळत ठेवायचं असतं. सलोमिनानं घड्याळ लावून अर्धा तास ठेवलं, मग झाडाखालच्या बाकांवर बसवलं. तोवर झाड पानांनी भरलं होतं, सावली दाट होती. डोरोथेयाआत्यानं झग्याचा घोळ वर उचलला, पायाखालच्या पाचोळ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या घरात झाडू नाही वाटतं."

दाराच्या पडद्यामागून लुक्रेशियानं डोकावून पाहिलं.

"आहे ना, ताई," सलोमिना म्हणाली. "त्याच झाडूनं चाळीस वर्षं मी हे झाड मारत होते. जरा हात घाला त्यात."

"कशात? केरात?"

"केरातच."

डोरोथेयानं आधी भाच्याकडे पाहिलं, मग वाकून दोन बोटं घातली, मग अख्खा हात. बाहेर काढला तेव्हा मुठीत काळी ओली माती होती. ती तिनं नाकाशी नेली.

"पाणी कधी घातलंस?"

"बुधवारी. भांड्यांचं."

"बुधवारी," डोरोथेया म्हणाली. हात पुसायचंही तिला सुचेना. "माझं गेल्या वर्षी गेलं. माझ्या आईनं लावलेलं होतं. रोज झाडून, रोज पाणी घालून गेलं." तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं खाकरून सुरुवात केली, "आम्ही या घरी एक मागणं घेऊन आलोय."

"दोन," डोरोथेयानं त्याला मध्येच तोडलं. "मुलगी. आणि या झाडाची एक फांदी."

पहिल्या मागणीला नाहीच म्हणायचं असतं. सलोमिनानं चेहरा शक्य तितका कठोर केला. "मुलीचं पुढे बघू. आणि झाडाचं त्याच्याही पुढे." मदतीला आलेली बेका सगळ्यांत आधी हसली, मग पाहुणेही हसले. आत पाणी आणायच्या निमित्तानं सलोमिना स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडली. पोरीची मागणी विलेमच्या सावलीत झाली होती.

पाहुणे आणखी दोनदा आले, आणि तिसऱ्या खेपेला दोन्हींना होकार घेऊन गेले.

लग्नानंतर गाडी भरली तेव्हा पेट्या, गाद्या आणि शेळीच्या मटणाची भांडी चढली. मग सलोमिनानं घरामागून रंगाच्या रिकाम्या डब्यात ते ढिगातलं रोप आणलं, आणि मागोमाग एक गच्च भरलेलं पोतं.

"हे काय, ओमा?" नवरदेव म्हणाला.

"केर."

"बर्सेबात केर मिळत नाही का?"

"मिळतो. तुम्ही तो फेकून देता." तिनं पोतं त्याच्या हातात दिलं आणि लुक्रेशियाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "सकाळी अंगण झाड. आत्याबाई बघतील, गल्ली बघेल. पण केर कुंपणाबाहेर नेऊ नकोस, पोरी. मी तुझ्या आजोबांचं झाड थोडक्यात वाचवलं."

गाडी गेली. सलोमिनानं कोपऱ्यातला झाडू उचलला, पाहुण्यांनी तुडवलेला पट्टा दारापासून फाटकापर्यंत झाडला, लग्नातल्या कागदी फुलांचे तुकडे वेचून बाजूला काढले, आणि उरलेला केर नेऊन झाडाच्या पायाशी ओतला.